यंत्राचा कौल

"श्वास नेहमीसारखा घ्या," डॉक्टर सरंजामे म्हणाल्या. "मुद्दाम लांब घेऊ नका. कागदावर लगेच कळतं."

माझ्या छातीभोवती आणि पोटाभोवती रबराच्या दोन नळ्या आवळल्या होत्या. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा, डाव्या हाताच्या बोटांना धातूच्या चकत्या. सगळ्या वायरी टेबलावरच्या यंत्रात गेल्या होत्या. यंत्राच्या काट्यांना शाईची पेनं होती आणि त्यांच्याखालून कागद संथपणे सरकत होता. मला त्याच्याकडे पाठ करून बसवलं होतं. पण पेनांची कुरकुर ऐकू येत होती.

मला भीती वाटत नव्हती. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. साधं यंत्र कसं चालतं हे मुलांना समजावून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. यंत्राला जात नसते, गाव नसतं, त्याचा कुणी मेहुणा नसतो. जे आहे ते ते दाखवतं. या परीक्षेची मागणी पोलिसांनी केली नव्हती. मीच इन्स्पेक्टर कुलालांना म्हणालो होतो, "तुमच्याकडे ते खोटं पकडायचं मशीन आहे ना? मला बसवा त्याच्यावर. एकदाचं होऊन जाऊ दे."

माझी बायको वैजयंता तीन आठवडे बेपत्ता होती.

ती आमच्या गावापासून थोड्या अंतरावरच्या वाडीत प्राथमिक शाळेत शिकवायची. रोज लूनावरून जायची, रोज यायची. जानेवारीतल्या एका संध्याकाळी शाळा सुटली, तिनं कुलूप लावलं, लूना सुरू केली, आणि ती घरी आलीच नाही. मी त्या दिवशी कॉलेजात बारावीची प्रॅक्टिकलं घेत होतो. अंधार पडल्यावर घरी आलो, तर आमची चार वर्षांची प्राची शेजारी गव्हाणे काकूंकडेच होती. "वैजू अजून आली नाही," काकू म्हणाल्या. आणि पुढं चौकशी सुरू झाल्यावर त्याच काकू पोलिसांना म्हणाल्या की, दिवेलागणीला सरांच्या दारातनं एक बाई आत गेल्यासारखी वाटली होती, पाठमोरी. काकूंना मोतीबिंदू होता. पण पोलिसांना धरायला तेवढं बोट पुरलं. बाई घरी आली, नवराबायकोचं भांडण झालं, आणि नवऱ्यानं तिचं आणि लूनाचं काहीतरी केलं, असा हिशेब त्यांनी मांडला.

म्हणून मी यंत्रापुढे बसलो होतो. परजिल्ह्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत, पडदे ओढलेल्या खोलीत.

सरंजामे बाईंनी सगळे प्रश्न आधीच वाचून दाखवले होते. तशी पद्धतच असते म्हणे. तुमचं नाव निवास घाडगे आहे का. आज मंगळवार आहे का. तुम्ही आयुष्यात कधी कुणाला फसवलं आहे का. आणि मग ते खरे प्रश्न. त्यातला एक ऐकून मी त्यांना थांबवलं होतं.

"बाई, तो शब्द नको."

"कुठला?"

मला तो उच्चारता येईना. त्यांनी कागदाकडे पाहिलं. "प्रेत?"

"हं. ती कुठं आहे, एवढंच विचारा की."

"तपास अधिकाऱ्यांनी दिलेला प्रश्न आहे. शब्द बदलता येणार नाहीत मला. तुम्हाला पाणी हवंय का?"

पाणी नको म्हणालो.

प्रश्न सुरू झाले. नाव, वार. मग: "तुम्ही आयुष्यात कधी कुणाला फसवलं आहे का?"

"हो," मी म्हणालो. कोण नाही फसवत? लहानपणी आईला फसवलं, मोठेपणी विमा एजंटला फसवलं. पेनं आपल्या गतीनं कुरकुरत राहिली.

"तुम्ही तुमच्या पत्नीला इजा केली आहे का?"

"नाही."

"वैजयंता घाडगे यांचं प्रेत कुठे आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?"

त्या तीन आठवड्यांत मला कुणी ती मेली असं म्हटलं नव्हतं. गावात पाठीमागे काय बोलत होते देव जाणे, तोंडावर सगळे "येतील, येतील" म्हणत होते. मीही दारात लूनाचा आवाज आला की उठत होतो. आणि इथं एका शांत, स्वच्छ आवाजात तिच्या नावापुढे तो शब्द लावला गेला. "नाही," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. मागं पेनं कागदावर खरखरली. मग मी माझं शहाणपण केलं. हृदयाचे ठोके खाली आणायला श्वास रोखून धरला, सावकाश सोडला. विज्ञानाचा माणूस ना.

प्रश्नांची तीच फेरी त्यांनी तीनदा घेतली. तिन्ही वेळा तो शब्द आला आणि तिन्ही वेळा तेच झालं.

नळ्या सोडल्यावर त्या कागद उलगडून बराच वेळ बघत बसल्या. मी विचारलं, "काय आलं?"

"मला परस्पर सांगता येत नाही."

पण मग त्या इन्स्पेक्टर कुलालांशी दाराबाहेरच्या व्हरांड्यात बोलल्या, आणि दार पुरतं लागलेलं नव्हतं.

"खोटं म्हणून नोंद होईल," त्या म्हणाल्या. "दोन्ही मुख्य प्रश्नांना. पण साहेब, हे यंत्र खोटं पकडत नाही. शरीरात खळबळ झाली एवढं दाखवतं. कशानं झाली, ते त्याला कळत नाही. आणि 'कधी कुणाला फसवलंय का' या प्रश्नाला हा माणूस सरळ 'हो' म्हणून मोकळा झाला. बहुतेक लोक तिथं 'नाही' म्हणतात आणि मनातून चुळबुळतात, मग आम्हाला तुलना करता येते. खरं बोलणाऱ्याचीच कधी कधी इथं पंचाईत होते."

"म्हणजे खोटं बोलतोय की नाही?"

"नोंद 'खोटं' अशीच जाईल. नियमानं जे येतं ते मला लिहावं लागतं. पण तुम्हाला सांगते, यावर शोध थांबवू नका."

कुलाल वाईट माणूस नव्हते. येताना त्यांनी वाटेत जीप थांबवून मला चहा पाजला होता, खारी बिस्किटं घ्यायला लावली होती. परतताना त्याच टपरीवर जीप थांबली. ते उतरले, एकट्यानं चहा प्यायले आणि येऊन बसले. माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला कळलं, आपलं काय झालंय.

*

अटक झाली नाही, कारण हातात दुसरं काही नव्हतं. दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायची आणि तालुका सोडायचा नाही, असं फर्मान निघालं. बातमी मात्र आमच्याआधी गावात पोचली होती. जिल्ह्याच्या पेपरात 'सत्यशोधन चाचणीत पती नापास' असा मथळा आला. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "घाडगे, पालक विचारायला लागलेत. थोडे दिवस रजा टाका." माझा सख्खा भाऊ पुण्याहून यायचा होता, तो आला नाही. प्राचीला सांभाळणाऱ्या गव्हाणे काकूंनी दार लावून घेतलं.

चाचणीहून परतल्यावर दोन-तीन दिवसांत दुपारी दारात जीप येऊन उभी राहिली. वैजयंताचा भाऊ महादेव आणि त्याच्याबरोबर धामणीचे चार-पाच जण. धामणी हे तिचं माहेर. महादेव माझ्यापेक्षा लहान, मला दाजी म्हणणारा, लग्नात माझा कान पिळताना खूप हसलेला. तो अंगणातच ओरडला.

"कुठं गाडलीस माझ्या बहिणीला?"

मी दारात उभा राहिलो. काय म्हणणार? 'नाही' हा शब्द माझा वापरून झाला होता, आणि त्याचा निकाल लागला होता.

"पोरीला आण भाईर. या घरात नाही ठेवायची तिला."

प्राची माझ्या पायाला मिठी मारून होती. खरं सांगायचं तर मी तिला दिलीही असती. तिथं तिला जेवायला मिळालं असतं, खेळायला पोरं मिळाली असती. मी वाकून तिची मिठी सोडवायला लागलो, तेव्हा जीपच्या मागच्या बाजूनं गोजरामामी उतरल्या.

गोजराबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. काठापदराचं हिरवट लुगडं, काखेत कपड्यांचं बोचकं. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. अंगण ओलांडून आल्या, पायरीवर बोचकं ठेवलं आणि म्हणाल्या, "पोरगी हितंच राहील. आन् मी बी हितंच राहनार."

"आई!" महादेव म्हणाला. "अगं डोकं फिरलं काय तुझं? मशिननं सांगितलंय!"

"ऐकलं मी. भैरी न्हाई."

"हा मानूस खुनी हाय!"

"आसंल. नसंल. तू जा, म्हशीची धार काढायची येळ झालीया."

"उद्या तुझं काय बरंवाईट झालं म्हंजी?"

"म्हंजी मग तुला पक्कं कळंल," मामी म्हणाल्या, आणि प्राचीचा हात धरून आत गेल्या.

महादेव जाताना रडत होता. मी पायरीवर बसलो. आतून मामींचा आवाज आला, "जावईबापू, पीठ कुटं ठेवता तुमी?"

त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मी गरम भाकरी खाल्ली. मामी ताटात वाढत राहिल्या. मला एवढंच कळत होतं की, सगळ्या जगात एक माणूस आहे ज्याचा माझ्यावर विश्वास आहे, आणि तो माणूस नेमका तिची आई आहे. मी हात धुवायला म्हणून मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो.

*

मामी राहिल्या. सकाळी अंगण झाडायच्या, प्राचीला न्हाऊमाखू घालायच्या, तिच्या केसांना तेल चोळताना गाणं गुणगुणायच्या. भाजीवाली आमच्या दारावरून न थांबता जायला लागली, तेव्हा मामींनी तिला गाठून विचारलं, "का गं, तुझी मेथी बी मशिनीवर बसून आलीया व्हय?" दुसऱ्या दिवसापासून ती थांबायला लागली.

पण मी आजही ज्यासाठी हात जोडतो, ते सोमवारचं.

पहिल्या सोमवारी मी हजेरीला निघालो तर त्या पायात चपला घालून तयार. "मी बी येती."

"मामी, तिथं बायकांनी..."

"चला."

ठाण्यात मी सही केली. मामी कुलालांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. कुलालांनी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"सायब, माझी वैजू घावली का?"

"तपास चालू आहे आजी."

"आज कुटं बगितलं?"

कुलाल माझ्याकडे बघून म्हणाले, "आजी, जे सांगायचंय ते ह्यांनी सांगायचंय. आम्ही कुठं कुठं बघणार?"

"म्हंजी तुमी शोधायचं थांबवलं."

"थांबवलं नाही. पण चाचणीत आलंय की..."

"मशिननं ह्यो खोटं बोलतोय म्हनून सांगितलं. बरं. मग माझी पोर कुटं हाय, ते सांगितलं का मशिननं?"

कुलालांनी पुढ्यातली फाईल मिटली.

"नसंल सांगितलं, तर ते तुमाला शोधाय नगो का? ह्यानं केलं आसंल तरी शोधाय पायजे, न्हाई केलं तरी शोधाय पायजे. व्हय का न्हाई?"

एक हवालदार हसला. कुलालांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो बाहेरच गेला. "बघतो आजी," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी मामी पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्या सोमवारीही. तेच शब्द, तोच आवाज, ना राग ना रडं. "आज कुटं बगितलं?" कुलाल आधी टाळायचे, मग चिडायचे, मग हळूहळू काहीतरी सांगायला लागले. कालव्याकडे दोन माणसं पाठवली होती. वाडीच्या विहिरीत गळ टाकून पाहिलं. मामी ऐकून घ्यायच्या, "बरं" म्हणायच्या आणि निघायच्या. वाटेत बाजारातून प्राचीला शेव-चिवड्याचा पुडा.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. त्या साली आमच्याकडे दुष्काळ होता. गावोगाव टँकर फिरत होते. जिथं म्हणून पाणी होतं तिथं इंजिन लावून उपसा चालला होता.

मे महिन्यात एका सकाळी कुलाल स्वतः घरी आले. गणवेशात होते, पण टोपी हातात होती. मामी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"घावली?" त्या म्हणाल्या.

कुलाल म्हणाले, "सर, तुम्ही पण या."

वाडीकडून येताना मुख्य रस्ता सोडला की एक जुना गाडीरस्ता आहे. तो बंद पडलेल्या दगडाच्या खाणीवरून जातो. खाण पाण्यानं भरलेली, हिरवीगार, खोल. टँकरवाल्यांनी तिथं इंजिन लावलं होतं. पाणी उतरत गेलं आणि लूनाचं हँडल वर आलं.

मी खाणीच्या काठावर उभा होतो. काठाचा एक लचका सुटून खाली गेलेला दिसत होता. लूना बाहेर काढून ठेवली होती. तिच्याखाली सापडलेलं सगळं एका पांढऱ्या कापडाखाली होतं. तिची चामड्याची पर्स खांद्याला तशीच अडकलेली होती, आणि पर्समध्ये शाळेच्या कुलपाची किल्ली.

कुलाल माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. "पाय लूनाखाली अडकलेला होता," ते हळू म्हणाले. "त्या संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर पुलाजवळ उसाची ट्रॉली उलटली होती. रस्ता तासभर बंद होता. म्हणून बाई इकडून निघाल्या असणार. शाळेतनं सुटून इथवर यायला पंधरा-वीस मिनिटं. तेव्हा तुम्ही मुलांसमोर होता. घरापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. ट्रॉलीचं काल टँकरवाल्यानं सांगितलं. पहिल्या आठवड्यात कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. आम्ही विचारलंच नाही. आम्हाला उत्तर मिळालंय असं वाटत होतं."

मी लूनाकडे बघत होतो.

"त्या दिवशी तुम्ही असे का हललात सर? सरंजामे बाई म्हणत होत्या, काटा कागदाबाहेर जायचा राहिला होता."

"तुम्ही तो शब्द घातला होता," मी म्हणालो. "तिच्या नावापुढे."

त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "माझी चूक झाली," ते म्हणाले. त्यांच्या हाताखालच्या माणसांदेखत, मोठ्यानं म्हणाले. ते मी विसरलो नाही.

मामी त्या पांढऱ्या कापडाशेजारी मातीत बसल्या होत्या. कापडावर हात ठेवून, जशा त्या झोपलेल्या प्राचीच्या अंगावर ठेवायच्या. महादेव धावत आला तो खाणीच्या काठावरच थबकला. मग माझ्याकडे आला. "दाजी," एवढंच त्याच्या तोंडातून निघालं. आम्ही दोघांनी मिळून तिला उचललं.

*

कॉलेजनं मला परत बोलावलं. भाऊ पुण्याहून आला. गव्हाणे काकू दारात उभ्या राहून रडल्या. त्या संध्याकाळची पाठमोरी बाई कोण, हे कधीच कळलं नाही; बहुधा कुणीच नव्हती. सरंजामे बाईंचा कॉलेजच्या फोनवर फोन आला. "पेपरात वाचलं. तुमच्याशी बोलल्याशिवाय मला राहवेना," त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की, व्हरांड्यात तुम्ही कुलालांना जे म्हणालात ते मी ऐकलं होतं, आणि पुढच्या दिवसांत ते मला पुरलं.

आणि मामी आमच्याकडेच राहिल्या. महादेव न्यायला आला तेव्हा म्हणाल्या, "पोरीला शाळेत घालते, मग बगू." प्राची शाळेत गेली, दुसरीत गेली. मामींचं 'बगू' काही आलं नाही.

वैजयंताच्या वर्षश्राद्धानंतरची गोष्ट. पाहुणे गेले होते, प्राची महादेवच्या पोरांबरोबर अंगणात खेळत होती. मामी भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. कधीचं बोलायचं राहिलं होतं ते मी बोललो.

"मामी, एक सांगू? सगळं जग माझ्या विरोधात होतं, तेव्हा तुम्ही एकट्यानं माझ्यावर विश्वास ठेवलात. मी कसा फेडू?"

मामींनी माझ्याकडे बघितलं. "कोन म्हनलं विश्वास ठिवला म्हनून?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"जावईबापू, तुमी मास्तर मानूस. तुमाला खोटं सांगून काय उपेग. मला म्हाईत नव्हतं तुमी केलं का न्हाई ते. मशिनला ठावं नव्हतं, मला बी ठावं नव्हतं. मशिन बोललं, मी गप बसली. येवढाच फरक."

"पण तुम्ही इथं येऊन राहिलात..."

"पोरगी हितं होती म्हनून आली. तिला घेऊन झोपायची तवा आतनं कडी घालायची मी. उशाखाली इळा असायचा. तुमाला कळलं न्हाई?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं."

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. त्या सगळ्या महिन्यांत मी ज्या एका गोष्टीला धरून उभा होतो, तीच नव्हती. त्यांनी वाढलेली प्रत्येक भाकरी आठवली. त्या समोर बसून मला जेवताना बघायच्या. मी त्याला माया समजत होतो.

"मग संशय गेला कधी?" मी विचारलं.

"लूना वर आली तवा."

"तोपर्यंत होता?"

"व्हता की." त्यांनी लुगड्याचा पदर सारखा केला. "कवा वाटायचं, ह्यो न्हवंच. पोरीला मांडीवर घिऊन बसला की वाटायचं. कवा वाटायचं, केलं बी आसंल. मानसाचं काय सांगावं. मग मी म्हनलं, गोजरे, तुला कळनार न्हाई. कळंपतोर काय करायचं ते बग. ह्यानं केलं आसंल, तर पोरगी वाचली पायजे. केलं नसंल, तर ह्यो बी वाचला पायजे. त्याची बायकू गेली, नोकरी गेली, आन् सासू बी गेली म्हंजी तो हिरीत उडी घ्यायचा. दोनीला माझं हितंच काम व्हतं. म्हनून ऱ्हायली."

अंगणात प्राची कुणाला तरी राज्य देत होती. त्यावरून भांडण चाललं होतं.

"आन् जेवायला घालायचं म्हनाल, तर संशय आला म्हनून का मानसाला उपाशी ठिवायचं आसतंय?"

मला यंत्र आठवलं नाही, कुलाल आठवले नाहीत. विश्वास असेल तर कुणीही कुणाच्या घरी येऊन राहील, असं मला वाटलं. त्यात एवढं काय? पण ही बाई आपल्या पोरीच्या संभाव्य खुन्याच्या घरी, उशाशी विळा घेऊन झोपली होती, आणि सकाळी उठून त्याच्यासाठी भाकरी थापत होती. कारण तो खुनी नसलाच तर त्याला कुणीतरी लागणार होतं. तिनं मला निर्दोष ठरवलं नव्हतं. दोषीही ठरवलं नव्हतं. तिनं मला वाट बघण्याइतकी जागा दिली, आणि स्वतः त्या जागेत माझ्याबरोबर राहिली. इतकं माझ्यासाठी माझ्या रक्ताच्या कुणी केलं नाही.

मी उठून त्यांच्या पायांशी वाकलो.

त्यांनी पटकन पाय ओढून घेतले. "अवो, काय करतायसा! आमच्यात जावई सासूच्या पाया पडत न्हाईत. पाप लागतं मला."

"जावई म्हणून नाही पडत."

"मग?"

मी तसाच वाकलेला राहिलो. मग मामींनी आखडून घेतलेले पाय हळूच पुन्हा पसरले.